चमक टिकली म्हणून पाणी पिण्याजोगं होत नाही

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. सायट्रिक आम्ल आणि युरिया मायक्रोवेव्हमध्ये तापवून कार्बन डॉट (यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण) बनवा, पाण्यात दोन थेंब टाका, यूव्ही टॉर्च मारा. निळी चमक टिकली तर पाणी निर्धोक, विझली तर जड धातू. प्रयोगशाळेची गरजच नाही. असे डॉट खरंच बनतात, चमकतातही. म्हणूनच लोक पुढच्या दाव्यांवरही विश्वास ठेवतात, आणि मला काळजी त्याचीच आहे.

‘चमक टिकली तर निर्धोक.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. पिण्याच्या पाण्यातल्या असेंद्रिय पाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ३० नॅनोमोलर आहे (मोलर हे विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण सांगणारं एकक; १००० नॅनोमोलर म्हणजे १ मायक्रोमोलर). नुसत्या डोळ्यांना चमकेतला फरक कळायला बरेचदा मायक्रोमोलरच्या घरात पारा लागतो. १ मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे सुमारे २०० मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या तेहतीस पट! त्याच्या बऱ्याच खाली, पण मर्यादेच्या वर पारा असलेलं पाणी टॉर्चखाली निळंशारच दिसेल. आर्सेनिकची गत आणखी वाईट. ऑक्सिजन नसलेल्या भूजलात ते बहुतेक आर्सेनाइटच्या रूपात असतं आणि त्या रेणूवर सहसा विद्युतभारच नसतो. धन आयन पकडणाऱ्या डॉटला ते दिसणार कसं?

‘विझली तर जड धातू.’ क्रोमेटचं, म्हणजे क्रोमियम धातूच्या एका संयुगाचं, उदाहरण घ्या. त्याचा पिवळा द्रव ३७२ नॅनोमीटरच्या आसपास सर्वात जास्त प्रकाश शोषतो, आणि टॉर्च असते ३६५ ची. म्हणजे डॉटपर्यंत प्रकाश पोहोचण्याआधीच क्रोमेट तो गिळतं. डॉटला कुणी हातही लावलेला नसतो. फेरिक लोहाचंही थोडंफार असंच. पण कुजलेल्या पाल्यातून पाण्यात उतरणारी ह्युमिक द्रव्यंही यूव्ही शोषतात, वर स्वतः निळसर चमकतात. तेव्हा चमक कमी झाली तर धातूमुळे की पाल्यामुळे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी निदान शोषण-वर्णपट (पाणी कोणता प्रकाश किती गिळतं याचा आलेख) घ्यावा लागतो, आणि त्याच पाण्यात धातूचं ठाऊक प्रमाण मिसळून ते मोजणीत पुरतं परत मिळतं का हे तपासावं लागतं.

‘नॅनोमोलरपर्यंत पकडतं असं शोधनिबंधातच आहे.’ असतं. पण तो आकडा बहुधा शुद्ध केलेल्या पाण्यातल्या मोजणीचा, तोही कोऱ्या (धातू नसलेल्या) नमुन्याच्या मोजणीतल्या चढउताराच्या तिप्पटीला प्रमाण-चमक आलेखाच्या चढाने भागून काढलेला. मोजणारं असतं फ्लुरोमीटर, म्हणजे चमक मोजणारं यंत्र, डोळा नव्हे.

‘डॉट नैसर्गिक, पाणी नंतर पिता येतं.’ अजिबात पिऊ नका. चमकणारे काही क्वांटम डॉट (असेच दुसऱ्या जातीचे सूक्ष्म कण) तर कॅडमियम या विषारी धातूचेच असतात.

या शोधकांचा उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. अल्ब्युमिन या प्रथिनामध्ये बांधलेले सोन्याचे नॅनोक्लस्टर, म्हणजे मोजक्या अणूंचे पुंजके, लाल चमकतात आणि पारा आला की विझतात, कारण पाऱ्याचा आयन सोन्याच्या एकभारी आयनाला घट्ट बिलगतो. शंभर नमुन्यांतून संशयास्पद दहा वेगळे काढायला असे शोधक लावलेली पट्टी कामाची आहे. त्या दहांची बाटली मग आयसीपी-एमएसकडे (धातू अचूक मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राकडे) जायला हवी, आणि उरलेल्या नव्वदांतल्या काही बाटल्याही.