फुकटचे नको, चोरीचेच हवे

बेळगावच्या एखाद्या गल्लीत आपण डीटीपीचे, म्हणजे पत्रिका-पाट्या जुळवून देण्याचे, दुकान थाटणार असाल, तर संगणकावर काय चढवायचे याची चिंता मुळीच करू नये. ती पूर्वीच कोणीतरी करून पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवलेली असते. त्यात कोरलड्रॉ असते, फोटोशॉप असते आणि डोंगलवाचून, म्हणजे विकत घेतल्याची खूण म्हणून संगणकाला जोडायच्या किल्लीवाचून, चालणाऱ्या मराठी फॉन्टांची चळतही असते. परवान्याचे कुलूप फोडणारा ‘क्रॅक’ चालवण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करावा, अशी सूचना सोबत असते, ती निमूटपणे पाळावी. रात्री येणारा पाहुणा ‘आधी कुत्रा बांधा’ म्हणाला, तर त्याला कारण विचारणे आपल्या पाहुणचारात बसत नाही.

एखादा आगाऊ पोरगा इंकस्केप, गिंप, स्क्रायबस अशी चित्रे, फोटो आणि पाने जुळवणाऱ्या प्रणालींची नावे घेऊन ‘हे सगळे कायदेशीरपणे फुकट मिळते’ असे सांगू लागेल. त्याला चहा पाजून वाटेला लावावे. हजारोंची वस्तू एका दमडीविना मिळवली, असे चारचौघांत ऐटीत सांगता येते. मुळातच फुकट असलेली वस्तू फुकट आणली, याचे कौतुक कोण करणार?

फॉन्टांचीही तीच कथा. मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात, धंद्याच्या छपाईलाही त्यांचे पैसे पडत नाहीत, आणि बालूच्या कन्नड भावंडाचे नाव तर ‘बालू तम्मा’ आहे. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. इतका उघड बंधुभाव सीमाभागात परवडायचा नाही. पाटीवर ६० टक्के कन्नड हवे, या कर्नाटकाच्या नियमावरून आपण खुशाल भांडावे. शेवटी दोन्ही भाषांतल्या पाट्या एकाच क्रॅक केलेल्या प्रतीवर तयार होतात, आणि तेवढ्या संगणकापुरता सीमाप्रश्न केव्हाच सुटलेला असतो.

१९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील ६३ब हे कलम संगणक प्रणालीची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस आणि कमाल ३ वर्षे कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगते. यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द घोकून ठेवावा, आणि फोल्डरला ठसठशीत ‘क्रॅक’ असे नाव असले तरी ते आपल्या नजरेस कधी पडलेच नाही, असा चेहरा करण्याचा सराव रोज दुकान उघडल्यावर करावा.

गाण्यांच्या बाबतीत मात्र कायद्याने आपली घोर निराशा केली आहे. कलम ५२ने वरातीत गाणे वाजवायला सूट दिल्यामुळे तिथे चोरीचे समाधान लाभत नाही. ते हवेच असेल, तर त्याच वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट यूट्यूबवर चढवावा. गाण्याच्या मालकाच्या दाव्यावरून आवाज बंद होऊन नवरदेव मुक्याने नाचताना दिसला, म्हणजे कार्य सिद्धीस गेले असे समजावे.

एवढे करूनही शेजारच्या दुकानदाराने आपल्या लग्नपत्रिकेची वेलबुट्टी जशीच्या तशी उचलली, तर गप्प बसू नये. भर गल्लीत त्याला चोर म्हणावे, कलेची कदर उरली नाही म्हणून हळहळावे, आणि पुढच्या पत्रिकेच्या तळाशी त्याच बिनडोंगलच्या फॉन्टमध्ये ‘सर्व हक्क राखीव’ असे छापावे.