ग्रहण पाळावे, पण जागतिक दर्जाचे

सोमवारी, २ ऑगस्ट २०२७ रोजी, दुपारनंतर ठाण्यातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसायचे आहे, तेव्हा घोडबंदर रस्त्यावरील सुज्ञ रहिवाशांनी आतापासूनच तयारीला लागावे. ऑगस्टात आभाळ भरलेले असले तरी चिंता नसावी. निरभ्र आकाश ग्रहण पाहायला लागते, पाळायला नाही.

वेध चार प्रहर आधी लागत असल्याने फ्रीजमधल्या दह्यावर आणि इडलीच्या पिठावर तुळशीपत्र पहाटेच ठेवावे. ग्रहणाचा दोष काँक्रीटचे पंधरा मजले आणि फ्रीजचे दार भेदून दह्यापर्यंत पोहोचतो, मात्र तुळशीच्या पानापुढे हात टेकतो. सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची छाया, असे आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास लिहून ठेवले. असल्या माणसाला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेऊ नये.

तथापि एकट्या राहूवर विसंबणे बरे नव्हे. नॉर्स कथांत सूर्यामागे लांडगा लागलेला आहे, कोरियाच्या कथांत आगीचे कुत्रे आहेत, आणि इंका लोकांच्या समजुतीप्रमाणे चंद्रावर जग्वार झडप घालत असे, म्हणून त्याला पळवून लावण्यासाठी ते आपल्या कुत्र्यांना मारून केकाटायला लावत. आपल्या आवारातील कुत्री हे काम रात्री दोन वाजता विनामोबदला करतात. येऊरचा बिबट्या क्वचित खाली उतरतो खरा, पण जग्वार अजून फिरकलेला नाही. शिवाय यांपैकी कोणताही उपाय आजवर निष्फळ ठरलेला नाही: प्रत्येक वेळी ग्रहण सुटलेच आहे.

सर्वांत पक्की व्यवस्था प्राचीन मेसोपोटेमियात होती. ग्रहणाने राजाचा मृत्यू सूचित केला, की एखाद्या सामान्य माणसाला सिंहासनावर बसवत, खऱ्या राजाला तोवर ‘शेतकरी’ म्हणत, आणि शंभर दिवसांपर्यंतची मुदत सरली की त्या बदली राजाला ठार करत. आपल्या अध्यक्षांनीही असा बदली अध्यक्ष नेमावा. बंद लिफ्ट, टँकरचे बिल आणि गळकी गच्ची त्याच्याकडे सोपवली, म्हणजे शेवटचा विधी सभासद आपण होऊन पार पाडतील.

महत्त्वाची कामे अर्थातच पुढे ढकलावीत. इ. स. पू. ४१३मध्ये अथेन्सच्या निकियासने चंद्रग्रहण पाहून, भविष्यवेत्त्यांच्या सांगण्यावरून, सिराक्यूजहून माघार घेण्याचे २७ दिवस लांबवायचे ठरवले. सैन्य धुळीला मिळाले, पण शास्त्र मोडले नाही.

टोगो आणि बेनिन येथील बाटामालिबा लोकांचे अनुकरण मात्र कटाक्षाने टाळावे. ग्रहणात सूर्य आणि चंद्र भांडत आहेत असे मानून ते आपापसांतले जुने तंटे त्या वेळी मिटवतात. ही प्रथा आपल्याकडे रुजली, तर पार्किंगचा वाद निकालात निघेल आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची गणसंख्या कधीही पूर्ण होणार नाही.