टोकन नंबर सतरा

आमचे अण्णा तोफखान्यातले. १९९९ ला कारगिलात बोफोर्सवर होते. १५५ मिलिमीटरची तोफ, अन् कानात काय? कापसाचा बोळा! आता घरात टीव्ही एवढा मोठा लागतो की शेजारच्या काकू त्यांच्या ओट्यावर बसून आमची मालिका ऐकतात.

अपंगत्व पेन्शनसाठी किती खेपा झाल्या, मोजणं सोडलं. दरवेळी तेच, "हे वयामुळं असतंय हो." अरे, भरतीच्या मेडिकलमध्ये कान ठणठणीत होते, कागद आहे! भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीमुळंच झाला असं धरायचं, हे सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग खटल्यात २०१३ लाच सांगितलंय. मग तो नोकरीमुळं नाही हे दाखवायचं काम सरकारचं, आमचं नाही. पण इथं पुरावा मागतात आम्हालाच. नाहीतर जा म्हणे मुंबईला, सैन्य न्यायाधिकरणात. परभणीहून रात्रभर देवगिरीनं जायचं, वकिलाची फी वेगळीच.

अन् खरा संताप पुढं आहे. ऐकू येत नाही म्हणून आलेल्या माणसाला काचेआडून, पंख्याच्या घरघरीत, पुटपुटत टोकन पुकारतात. परवा मी झेरॉक्सला गेलो तेवढ्यात "सतरा" होऊन गेला. अण्णा समोरच्या बाकड्यावर, मांडीवर फाईल, ताठ बसलेले. खिडकीतला साहेब म्हणतो, "पुकारलं होतं की. लक्ष नव्हतं तुमचं."

अण्णा हसून म्हणाले, "काय?"