दुखायचं थांबलं, तिथेच फसलो

संक्रांतीला गुळपोळीचा पहिलाच घास घेतला आणि खालची डावी दाढ अशी ठणकली की घास तसाच ताटात काढून ठेवला. पुढचा आठवडा दिवसा बरं, रात्री पाठ टेकली की सुरू. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाढेच्या आत सुजलेल्या नसेला पसरायला जागाच नसते, हे नंतर समजलं. तेव्हा एवढंच कळत होतं की गार पाण्याचा घोट तोंडात धरला की दोन मिनिटं सुटका होते. पहाटे तीनला ओट्याशी उभं राहून अख्खा तांब्या असा घोटाघोटाने संपवलाय मी. गरमाने ठणकणं आणि गाराने बरं वाटणं म्हणजे बहुधा नस हातची गेलेली असते, म्हणे.

आईने लवंग दिली. लवंगेला हसू नका, तिच्यातलं युजेनॉल दातांचे डॉक्टरही तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतात. पण ती बधिर करते, कीड काढत नाही. मग मेडिकलमधून अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स आणला. दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही, माझ्याकडे नव्हतीच. चौथ्या दिवशी दुखणं गायब! मी खूश.

दाढ बरी झाली नव्हती, नस मेली होती. मेलेल्या नसेत रक्त फिरत नाही, मग रक्तातून जाणारी गोळी तिथे पोचणार कशी? जंतूंना आयतं घर मिळालं. जूनमध्ये गाल सुजला, हिरडीवर पुटकुळी आली, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग. आपल्याकडे 'थांबलं ना दुखायचं, मग झालं तर' हे जे वाक्य आहे ना, त्याच्याइतक्या दाढा किडीनेही खाल्ल्या नसतील.

त्यात सल्लागार. मेहुणे म्हणाले, "काढून टाक. मी पंचवीस वर्षांपूर्वी काढली, काय अडलं?" अडलं ते त्यांना दिसत नाही. रिकाम्या जागेत शेजारची दाढ कलते, समोरची त्या पोकळीत सरकते. त्यांच्या ताटात भाकरीचा कडक काठ रोज तसाच उरतो, तो मी बघतो.

पैशाचं मात्र खरं आहे. दाढ काढणं स्वस्त, रूट कॅनाल (मेलेली नस काढून मुळांतल्या नळ्या साफ करून भरणं) आणि वर कॅप म्हटलं की खिसा हलका होतो, आणि बहुतेक आरोग्य विम्यांत हे बसत नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात होतं. खेपा पडतात, वेळ जातो.

आता ज्याला सगळे घाबरतात ते रूट कॅनाल. तोंडावर निळं रबर ताणून बसवलं, त्यातून फक्त दाढ वर. दाढेच्या मुळांत तीन नळ्या. फाइल म्हणजे केसाएवढी बारीक कानस, ती मुळाच्या टोकाशी पोचली की यंत्र टूं टूं करायचं. मग सोडियम हायपोक्लोराइटने धुणं, अगदी पोहण्याच्या तलावासारखा वास. शेवटी नळ्यांत गुलाबी काड्या भरल्या, गटापर्चाच्या. हा मलायाकडच्या झाडाचा चीक. १८७० साली समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली, त्या तारेवरही हेच वेष्टण होतं. समुद्राला आत न येऊ देणारी वस्तू माझ्या दाढेत! उगाच भारी वाटलं.

दुखलं का? सुई टोचताना, बस. दुखायला आत उरलंच काय होतं? जानेवारीत गेलो असतो तर इंजेक्शन कदाचित एखादं जास्त लागलं असतं, पण सुजलेला गाल घेऊन ऑफिसला जायची वेळ आली नसती.

शेवटच्या दिवशी पैसे देताना मी सहज विचारलं, "मॅडम, कॅपचं पुढच्या महिन्यात बघू का? आता दुखत नाहीये."

मॅडमनी मास्क हनुवटीवर ओढला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. कॅपचं माप त्याच दिवशी देऊन आलो.