गेंड्याची बाटली बिबट्याच्या तोंडाला लावू नका

उसाला कोयता लागला की वाळवा, शिराळा, कराड, पाटणकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. यंदा तो घरातल्या मामांनीच पुढे ढकलला, वर "शेतकरी बांधवांनी जरूर वाचावे" अशी शिफारस. मजकूर थोडक्यात असा: आसामात गेंड्याची अनाथ पिल्ले बाटलीने दूध पाजून वाढवतात आणि जंगलात सोडतात. मग उसात बिबट्याची पिल्ले सापडली तर घरी आणून गाईचे दूध पाजा. माणसाचा हात लागलेले पिल्लू आई घेतच नाही. मोठी झाली की वनखाते त्यांना चांदोलीच्या जंगलात सोडेल.

यातले पहिले वाक्य खरे आहे, आणि त्याच्याच जिवावर बाकीची तीन खपतात.

काझीरंगाजवळ २००२ पासून वन्यप्राण्यांचे पुनर्वसन केंद्र आहे. पुरात आईपासून तुटलेली गेंड्याची पिल्ले तिथे येतात. मानस राष्ट्रीय उद्यानातले गेंडे १९९० च्या दशकात चोरट्या शिकारीने संपले होते. तिथे २००६ मध्ये या केंद्रातली पहिली मादी नेली. पुढे गंगा आणि जमुना या बाटलीवर वाढलेल्या माद्यांना मानसमध्ये पिल्लेही झाली. काम चोख आहे, मान्य.

पण ते होते कसे, हे मेसेजवाल्याला ठाऊक नाही. गेंड्याचे पिल्लू जन्मतःच साठेक किलोचे असते. गेंडीच्या दुधाला फॅट इतकी कमी की आपल्या डेअरीत ते कुणी घेणार नाही, साखर मात्र गाईच्या दुधापेक्षा जास्त. म्हणून कमी फॅटची पावडर मापात कालवून पाजतात. सायीचे दूध दिले तर हगवण लागते. बेंबी चिघळते, तीही रोज बघावी लागते. रानात पिल्लू आईचे शेण खाते आणि त्यातून गवत पचवणारे जिवाणू पोटात जातात. केंद्रात त्यासाठी निरोगी मोठ्या गेंड्याचे ताजे शेण द्यावे लागते. दूध दीड-दोन वर्षे. मग मानसमध्ये विजेच्या कुंपणाच्या आवारात मुक्काम, गळ्यात रेडिओ कॉलर, आणि फाटक उघडल्यावरही पाळत. एवढे करून हे जमते, कारण गेंडा गवत खातो, आणि गवत पळून जात नाही.

बिबट्याचे खाणे पळते. दबा कुठे धरायचा, गळा कुठे पकडायचा, माणसाला बघून कुठे दडायचे, हे पिल्लू दीड-दोन वर्षे आईच्या मागे फिरून शिकते. बाटली देणारा माणूस यातले काहीच शिकवू शकत नाही. उलट माणूस म्हणजे खाणे, एवढेच त्याच्या डोक्यात पक्के होते.

दुधाचे दोन शब्दांत. मांजरकुळातल्या मादीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त. गाईच्या दुधाने अर्ध्या किलोचे पिल्लू हगून हगून वाळते. त्यात लोक त्याला तान्ह्या बाळासारखे उताणे धरून पाजतात. दूध फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो.

आता सगळ्यात घातक वाक्य, हात लागला की आई घेत नाही. साफ खोटे. महाराष्ट्रात उसात सापडलेली पिल्ले माणसांनी हाताळून, डॉक्टरांनी तपासून, शेपटीच्या मुळाशी मायक्रोचिप टोचून परत ठेवली आहेत आणि आयांनी ती नेली आहेत. कराड तालुक्यातही हे घडले आहे, त्याचे कॅमेऱ्यातले व्हिडिओ आहेत. मुळात पिल्ले एकटी दिसली म्हणजे अनाथ नव्हेत. आई बहुधा शेजारच्याच फडात दबून असते.

पिल्ले दिसली की त्या सरीतली तोड थांबवा, टोळीला दुसऱ्या टोकाला लावा, आजूबाजूचा थोडा ऊस उभा ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. पाचट पेटवायचे तर नावच नको. तपासणी झाली की पिल्ले भोके असलेल्या क्रेटमध्ये, जिथे सापडली त्याच जागी, अंधार पडायच्या आत ठेवतात. गाडी जाते म्हणून रस्त्याकडेला क्रेट ठेवला की अर्धे काम तिथेच बिघडले. झाकण आईला पंजाने पाडता येईल इतके सैल हवे. कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी लांब जायचे. बॅटऱ्या, कुत्री, मोबाईलवाली पोरे, कुणी नको. मादी एका वेळी एकच पिल्लू मानेला धरून नेते. म्हणून सकाळी क्रेटमध्ये एखादे उरले तर "टाकून गेली" असा निकाल देऊ नका. त्याला उन्हातून हलवा, संध्याकाळी पुन्हा तिथेच ठेवा. पिल्ले घरी नेली तर नुकती व्यालेली मादी त्याच शिवारात त्यांना हुडकत फिरते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे पाणी पाजायला जाणारा माणूस तुमच्याच भावकीतला असतो.

चांदोलीत सोडण्याचे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा जुन्नर भागातला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बिबटे पकडून जंगलात सोडायचा सपाटा लागण्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ झाले. ते तर रानातच वाढलेले बिबटे होते. उत्तर प्रदेशात दुधव्याच्या जंगलाजवळ बिली अर्जनसिंग यांनी हातावर वाढवलेली हॅरिएट ही बिबट्याची मादी रानात व्याली खरी, पण पूर आल्यावर पिल्ले तोंडात धरून ती थेट त्यांच्या घरात शिरली. शिराळ्यात अशी मादी गोठ्यात शिरली तर लोक काय करतील, ते सांगायला नको.

मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलाचे उदाहरण कुणीतरी काढेलच. कान्हातल्या दोन अनाथ वाघिणी २०११ मध्ये तिथे सोडल्या आणि त्या शिकार करून जगल्या. बरोबर. पण त्या कुंपणातल्या जंगलात जिवंत सावज मारत वाढल्या होत्या, कुणाच्या परड्यात नव्हे. ताडोबाहून चांदोलीत आणलेली वाघीण तर रानातलीच. बिबट्याचे पिल्लू घरी ठेवणे हा किमान तीन वर्षे कैदेचा गुन्हा आहे, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

आणि मेसेजसोबतचा तो बाटलीवाला फोटो. टोकदार कान, टोकाला काळे केस, अंगावर ठिपक्यांचा पत्ता नाही. ते रानमांजराचे पिल्लू आहे.