सगळंच ऑटोमॅटिक कशाला करायचं?

घरातलं प्रत्येक काम मोबाइलवरून, नाहीतर आपोआप व्हावं असं हल्ली ज्याला त्याला वाटतं. मला सोल्डरिंगचा नाद आहे, म्हणून लोक धरून चालतात की मीही त्यातलीच. भाचा तर आला की सुरू होतो, "मावशी, कुंड्यांत सेन्सर लाव ना, माती सुकली की फोनवर मेसेज येईल." मी नाही म्हणते आणि त्याला ते कोडंच वाटतं. ही बाई पाण्याच्या मोटरला स्वतः सर्किट बसवते, दह्यासाठी थर्मोस्टॅटची पेटी करते, आणि झाडांना मात्र झारीने पाणी घालत बसते! तर एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते.

माझा हिशेब सरळ आहे. ज्या कामात नुसती राखण करायची असते ते खुशाल यंत्राच्या गळ्यात घालावं. ज्यात बघावं लागतं, वास घ्यावा लागतो, ते आपल्याकडे ठेवावं.

आता पाण्याचंच घ्या. इंदूरकरांना पाण्याचं काय सांगायचं! १९७० साली इथले लोक नर्मदेसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे पुढे ती शहरात आली. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, तेही विंध्याचा चढ चढून. इतक्या लांबून पंपांनी उचलून आणलेलं पाणी आमच्या गल्लीत एक दिवसाआड येतं, आणि येतं ते स्वतःच्या मर्जीने. सासूबाईंच्या काळात घरातलं कोणीतरी एक नळाच्या आवाजाकडे कान लावूनच झोपायचं. पाणी हौदात पडलं की मोटर लावायची, गच्चीवरची टाकी वाहायला लागायच्या आत बंद करायची. ह्यात कसलं आलंय कौशल्य? झोपेचं खोबरं, दुसरं काही नाही.

म्हणून मी दोन फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगत वर-खाली होऊन चालू-बंद होणारी बटणं, बसवले, एक हौदात आणि एक टाकीत. हौदात पाणी असेल आणि टाकी रिकामी असेल तरच मोटर चालू होते. हौद आटला की बंद, म्हणजे कोरडी फिरून तिचं सील जळायला नको. भाच्याचा आग्रह होता की ईएसपी८२६६ हा वायफायचा छोटा बोर्ड लावू, वायफायवर सगळं दिसेल. बोर्ड झकास आहे, इतर कामांना मी वापरतेही. पण पाणी चढवायला इंटरनेट कशाला हवं? राउटर बंद पडला म्हणून फ्लोट तरंगायचा थांबत नाही.

कोणाला करायचं असेल तर एक सांगून ठेवते. असल्या बोर्डाबरोबर तो छोटा निळा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, मिळतो, वर १० अँपिअर लिहिलेलं असतं, त्यावर थेट मोटर जोडू नका. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर चालताना तीन-चार अँपिअरच घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटतात आणि मग मोटर बंद व्हायचं नाव घेत नाही. मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार झेलणारा दणकट रिले, घाला. आणि मेन लाइनचं जोडकाम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, तिथे हौस नको.

(कॉन्टॅक्टर घ्यायला महाराणी रोडवर गेले होते. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, भैया को भेज दो, उनको समझा देंगे." मी म्हटलं, "भैया को रहने दो, कॉइल दो सौ चालीस वोल्ट की देना, चौबीस की मत पकड़ा देना." मग निमूटपणे दिला. आमचे "भैया" घरी बल्बसुद्धा मलाच बदलायला सांगतात, पण ते त्याला कशाला सांगायचं.)

दुसरी माझी लाडकी वस्तू म्हणजे दह्याची पेटी. माळव्यातल्या थंडीत दही लागत नाही ही घरोघरची रड. विरजणातल्या जिवाणूंना ४० ते ४५ अंशांची ऊब लागते आणि पौषात आमच्या स्वयंपाकघरात रात्री नळाचं पाणी हाताला चावतं. पूर्वी पातेलं गोधडीत गुंडाळायचे, कणकेच्या डब्यात खुपसायचे. मी थर्मोकोलचा खोका घेतला, आत जुना पिवळा बल्ब, आणि बाहेर डब्ल्यू१२०९ नावाचं थर्मोस्टॅटचं इवलंसं मॉड्यूल. त्याची सेन्सरची वायर आत सोडायची, आकडा लावायचा. तेवढी ऊब झाली की बल्ब विझतो, उतरली की पेटतो. दह्याला ४२ लावते, इडलीच्या पिठाला ३० पुरे. पिठाशेजारी पाण्याची वाटी ठेवते, नाहीतर वर साय धरल्यासारखी सुकी पापडी येते. बल्ब मात्र थर्मोकोलला टेकू देऊ नका. शंभर अंश व्हायच्या आतच ते मऊ पडायला लागतं.

पण पीठ तयार झालं की नाही हे पेटी सांगत नाही, आणि मला तिने सांगायलाही नको आहे. झाकण उघडल्यावर येणारा आंबूस वास, डावाने एका बाजूला सारल्यावर दिसणारी जाळी, डाव उचलताना पीठ किती हलकं लागतंय, हे बघूनच मी मीठ घालते. डाळ जुनी असेल तर वेळ बदलतो, उडीद कमी पडला तर बदलतो. ऊब सांभाळणं पेटीचं काम. पारखणं माझं.

गराडूचंही तसंच. हा आमच्याकडचा थंडीतला कंद. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, कढईभोवती उभं राहून खाल्लेला गराडू घरी जमत नाही असं पुष्कळ जण म्हणतात. जमतो हो. हाताला तेल लावून चिरा, नाहीतर खाज सुटते. आधी मंद तेलात तळून काढा, गार होऊ द्या, मग वाढायच्या वेळी कडक तेलात पुन्हा सोडा. पहिल्यांदा कढई नुसती खदखदत असते, बुडबुडेच बुडबुडे. आतलं पाणी उडत गेलं की आवाज बारीक होतो, बुडबुडे विरळ होतात. तेवढ्यात काढायचा. वरून जिरावन मसाला आणि लिंबू. घड्याळ लावून केलेला गराडू कधी कच्चा राहतो, कधी दगड होतो, कारण प्रत्येक कंदात पाणी वेगळं. एअर फ्रायरबद्दल मला विचारू नका, भांडणं होतील.

आता गच्ची. सेन्सर का नको, तर मातीत खुपसायचे ते दोन काट्यांचे स्वस्त सेन्सर काही आठवड्यांत सडतात. ओल्या मातीतून वीज गेली की काट्यावरचा धातू झिजत जातो. कपॅसिटिव्ह प्रकारचे, ज्यांचा धातू मातीला लागत नाही, ते टिकतात. पण टिकले तरी ते काय सांगणार? एका कुंडीतल्या एका जागेची ओल. आमच्या काळ्या मातीला तर तेही धड लागू होत नाही. वरून भेगा पडलेल्या असतात आणि बोटभर खाली चिखल असतो. म्हणून मी कुंडीत ती एकटी कधी घालत नाही, कंपोस्ट आणि वाळू मिसळते. कंपोस्टला साली मी आधी बाजूला काढते, उरलेला ओला कचरा गाडीत जातो. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हाच त्याची क्षमता रोजच्या ५५० टनांची होती, माझ्या दुधीच्या सालींवाचून त्याचं अडणार नाही.

झारी हातात असली की मान खाली जाते. जास्वंदीच्या बुंध्यावरून मुंग्यांची रांग वर चाललेली दिसली की मी पाणी घालायचं थांबवून फांदीचा बेचका उलगडून बघते. कापसासारखा पांढरा पुंजका, पिठ्या ढेकूण! त्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात. इतक्या लवकर दिसला तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. आठवड्याने दिसला तर अख्खी फांदी छाटावी लागते. मिरचीवर चुरडा-मुरडा रोग पडायला लागला की शेंड्याची कोवळी पानं वाटीसारखी वळतात. कुठल्या सेन्सरने हे मेसेज करून कळवलंय? पाणी घालणं हे निमित्त आहे, खरं काम बघण्याचं.

आणि ह्या सगळ्याचं करायचं काय, असं विचारणारे भेटतातच. "काकू, चॅनल काढा. इडलीचं पीठ विका." अरे, काय म्हणून? गच्चीवरचा टोमॅटो चोइथराम मंडीपेक्षा महागच पडतो, आणि पेटीच्या सामानात पुष्कळ दिवसांचं दही विकत आलं असतं. पैसे वाचवायचे असते तर मी असले उद्योग केलेच नसते. नफ्याचा प्रश्न क्रिकेट बघणाऱ्याला कोणी विचारत नाही, तो सोल्डरिंग करणाऱ्या बाईलाच का?

भाच्याचं एक मात्र मी ऐकलं. उन्हाळ्यात पुण्याला बहिणीकडे जाते तेव्हा बॅटरीवरचा टायमर लावून ठिबक सोडते, पहाटे एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा. गच्चीची किल्ली तरीही शेजारच्या मुलाकडे असते. त्याने पाणी घालायचं नाही, फक्त पानं उलटून बघायची आणि काही दिसलं तर फोटो पाठवायचा. त्या दिवसांतली भेंडी, मिरच्या सगळ्या त्याच्या. गेल्या उन्हाळ्यात त्याने मावा कीड माझ्याआधी ओळखली. आता तो सोल्डरिंग शिकव म्हणून मागे लागलाय, आणि त्याची आई माझ्यावर जरा रागावलेली आहे.