मुल्कोवालची ती एक बाटली

शाळेत टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पावरची, सुई टोचायचे दिवस जवळ आले की आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक जुनाच मेसेज नव्याने फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: हाफकिन नावाचा रशियन माणूस डॉक्टरही नव्हता; इंग्रजांच्या पाठबळावर त्याने भारतीयांवर प्रयोग केले; 1902 मध्ये पंजाबात त्याच्या प्लेगच्या लसीने 19 माणसं तडफडून मेली आणि प्रकरण दाबलं गेलं; प्लेग गेला तो स्वच्छतेने; तेव्हा मुलांना सुई नको, निसर्गाने दिलेली प्रतिकारशक्ती पुरे. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'सर्व पालकांना पाठवा'.

यातलं सगळंच खोटं असतं तर उत्तर द्यायचे कष्ट घेतले नसते. अर्धं खरं आहे, म्हणून तर तो चालतो.

डॉक्टर नव्हता, हे खरं. वाल्डेमार हाफकिन 1860 साली ओडेसात जन्मला, शिकला प्राणिशास्त्र, मेचनिकोव्ह या नामवंत जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली. पाश्चर तरी कुठे डॉक्टर होता? तो रसायनशास्त्रज्ञ. जंतूंवर काम करायला जंतू कळावे लागतात.

प्रयोग केले, हेही खरं, पण पहिला स्वतःवर. कॉलऱ्याची लस त्याने 18 जुलै 1892 रोजी पॅरिसमध्ये स्वतःला टोचली, प्लेगची 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत. आणि 'इंग्रजांनी लादलं' म्हणणाऱ्या गोंयकाराने एक नाव आठवावं. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागातला ताप हा गाठीचा प्लेग आहे, हे ओळखणारे डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस आपल्या हडफड्याचे. पुढे त्यांनी स्वतः हजारो लोकांना लस टोचली. मुंबईत मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रोज किती गोंयकार त्यावरून जात असतील आणि किती जण मान वर करत असतील, देव जाणे. इंग्रज अधिकाऱ्यांची प्लेगच्या काळातली दंडेली खोटी नव्हे, पुण्यात रँडने जे केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती घरझडत्यांची आणि सक्तीच्या छावण्यांची दंडेली होती. तिचा राग लसीवर काढायचं कारण नाही.

आता मुल्कोवाल. मेसेजचा सगळा भार याच एका गावावर आहे, म्हणून इथे जरा थांबू.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या या गावात 107 जणांना प्लेगची लस टोचली. बाटल्या पाच. त्यांतल्या 53-एन या एका बाटलीतून ज्या 19 जणांना टोचलं, ते सगळेच्या सगळे धनुर्वाताने गेले. बाकी चार बाटल्यांतून टोचलेल्या 88 जणांपैकी एकालाही धनुर्वात झाला नाही. लस तीच, गाव तेच, दिवस तोच. दोष लसीतच असता तर त्याने बाटली निवडून घेतली नसती. म्हणजे धनुर्वाताचे जंतू एकाच बाटलीत शिरले होते. प्रश्न एवढाच की कधी? मुंबईच्या प्रयोगशाळेत, की गावात बूच काढताना?

चौकशी आयोगाने बोट प्रयोगशाळेकडे दाखवलं. हाफकिनने लस बनवताना कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक वगळून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता, तेच अंगाशी आलं, असं आयोगाचं म्हणणं. त्याला पदावरून दूर केलं. पण गावातली हकीकतही कागदावर होती: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, आणि तो नीट निर्जंतुक न करता, कार्बोलिकच्या पाण्यात जेमतेम बुडवून, त्यानेच बूच ओढलं. गुरांच्या वावराची माती म्हणजे धनुर्वाताच्या जंतूंचं घरच. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूट या वैद्यकीय संशोधन संस्थेने पुरावे पुन्हा तपासले, आणि 1907 मध्ये मलेरियावर संशोधन करणाऱ्या रोनाल्ड रॉससह दहा शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये उघड पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली. मग त्याच्यावरचा ठपका गेला. जे प्रकरण आयोगाने तपासलं आणि लंडनच्या वर्तमानपत्रात जाहीर भांडलं गेलं, त्याला 'दाबलं' म्हणायचं तर उघड कशाला म्हणायचं? दबला असेल तर तो माणूस. भारतात परतला, पण पूर्वीसारखं काम त्याला पुन्हा मिळालं नाही.

प्लेग एकट्या लसीने गेला, असा दावा मीही करणार नाही. त्या लसीने ताप यायचा, तिचा असर काही महिनेच टिकायचा. पण असर होता, आणि त्याचे आकडे आपल्याच जुन्या पोर्तुगीज सरकारच्या हद्दीतले आहेत. दमणचा कारभार तेव्हा पणजीहून चाले. 1897 च्या साथीत तिथे लस घेतलेल्या सुमारे 2,200 जणांपैकी 36 दगावले. न घेतलेले सुमारे 6,000 होते, त्यांतले 1,482. आजच्या कसोट्या लावल्या तर या तुलनेत खोट काढता येईल: लस घ्यायला पुढे आलेले लोक मुळातच जास्त जपून वागणारे असतील, न घेतलेल्यांतले काही जण आधीच आजारी असतील. सगळं मान्य. एवढी मोठी तफावत मात्र तेवढ्याने भरून निघत नाही.

राहिली स्वच्छता आणि निसर्गाची देणगी. धनुर्वाताच्या बाबतीत हे दोन्ही कामाचे नाहीत, आणि शाळेतली सुई नेमकी त्याचीच आणि घटसर्पाची आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं पडून राहतात. काजूच्या बागेत कोयता लागला किंवा शेतात खिळा खोल रुतला, की हवा न पोचणाऱ्या जखमेत ते जागे होतात आणि विष सोडतात. गाव कितीही झाडा, बागेतली माती कुठे धुणार? हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे वर्गातल्या बाकी सगळ्यांनी लस घेतली तरी न घेतलेल्या मुलाला आडोसा मिळत नाही. आणि ते विष इतकं जहाल की रोग व्हायला जेवढं पुरतं, तेवढं शरीराला प्रतिकार शिकवायला पुरत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही म्हणूनच लस द्यावी लागते. निसर्गाची प्रतिकारशक्ती इथे मिळतच नाही.

मुल्कोवालची ती 19 माणसं ज्या रोगाने गेली, त्याची ही लस आहे. 1902 मध्ये ती जगात कुठेच नव्हती. आज दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. शाळेतला दिवस चुकला तर मुलाला तिथे घेऊन जा. सुई सीलबंद पाकिटातून काढली का, बाटली कधी उघडली, हे नर्सबाईंना खुशाल विचारा. मुल्कोवालनंतर तो प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक आईबापाला आहे.